अमेरिकेतले कृष्णवर्णीय रुग्ण आणि त्यांच्या वाट्याला येणारी आरोग्यसेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात मी अकरा वर्षं डायलिसिस सेंटरमध्ये आहारतज्ज्ञ होते. आता पुण्यात परत आले तरी प्रश्न काही थांबले नाहीत. रेसिडेन्सीला, म्हणजे तिथल्या डॉक्टरकीच्या पुढच्या प्रशिक्षणाला, निघालेला भाचा विचारतो, मुलीकडे सहा महिने राहून आलेल्या शेजारच्या मावशी विचारतात, आणि काही जण विचारायच्या आधीच "सगळीकडे असतंच गं हे" म्हणून विषय गुंडाळतात. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत. जिथे मला जास्त माहिती आहे तिथे मी जास्त बोलले आहे, इतकंच.

फरक आहे म्हणता, तो नेमका किती?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या माणसाचं सरासरी आयुर्मान ७८.४ वर्षं होतं आणि कृष्णवर्णीय माणसाचं ७४. त्याच वर्षी दर एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या बायकांमध्ये १४.५ मातामृत्यू झाले, कृष्णवर्णीय बायकांमध्ये ५०.३. वर्षाच्या आत दगावणारी बाळं एकीकडे हजारी साडेचार, दुसरीकडे जवळपास अकरा.

मला स्वतःला मात्र स्तनाच्या कर्करोगाचा आकडा जास्त बोलका वाटतो. हा कर्करोग कृष्णवर्णीय बायकांना गोऱ्या बायकांपेक्षा थोडा कमीच होतो, पण त्याने मरण्याचं प्रमाण त्यांच्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त आहे. ट्रिपल निगेटिव्ह हा औषधांना न जुमानणारा प्रकार त्यांच्यात जास्त आढळतो हे खरं. पण ज्या प्रकारांवर औषधं उत्तम लागू पडतात, तिथेही त्या मागेच राहतात. निदान उशिरा होतं, पुढच्या तपासण्या लांबतात, उपचार मध्येच तुटतात. रोग कमी आणि मरण जास्त, हे गणित शरीराच्या आत सुटत नाही. ते शरीराबाहेर शोधावं लागतं.

हे सगळं गरिबीमुळे असेल. त्यात वंश कशाला आणायचा?

हा सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि तो रास्त आहे. पैशाचा संबंध आहेच. गरिबांसाठी मेडिकेड ही सरकारी विमा योजना आहे. ती जास्त लोकांपर्यंत नेण्यासाठी केंद्र सरकार बहुतेक खर्च उचलायला तयार असूनही दहा राज्यांनी ती पूर्णपणे वाढवलेली नाही. टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी ही त्यातली काही. कृष्णवर्णीय वस्ती दाट असलेली दक्षिणेकडची राज्यं यात बरीच आहेत.

पण पैशाने सगळं उलगडत नाही. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, २०१९ मध्ये गरोदरपणाशी संबंधित मृत्यूंची आकडेवारी आईच्या शिक्षणानुसार मांडली. कॉलेजची पदवी असलेल्या कृष्णवर्णीय बाईचा धोका शाळाही पूर्ण न केलेल्या गोऱ्या बाईपेक्षा जास्त निघाला, सुमारे १.६ पट. पदवी आली की सहसा पगार येतो, विमा येतो, बरं हॉस्पिटल येतं. एवढं सगळं येऊनही धोका गेला नाही.

माझ्या कामातलं उदाहरण याहून सरळ आहे. किडनी निकामी झालेल्या जवळजवळ प्रत्येकाचा डायलिसिसचा खर्च, वय कितीही असो, १९७३ पासून मेडिकेअर ही सरकारी योजना उचलते. म्हणजे निदान या एका आजारात तरी पैशाची अडचण बरीचशी दूर झाली. तरीही नव्या किडनीपर्यंत पोचायला कृष्णवर्णीय रुग्णांना जास्त वेळ लागत राहिला. का, ते पुढे येईलच.

त्यांची जनुकंच वेगळी असतील, नाही का?

जनुकं वेगळी असतात, पण वंशाच्या चौकटीत बसतील अशी वेगळी नसतात. पश्चिम आफ्रिकेत मूळ असलेल्या बऱ्याच लोकांत एपीओएल-१ नावाच्या जनुकाचे दोन खास प्रकार आढळतात. आफ्रिकेत माशी चावून होणाऱ्या 'स्लीपिंग सिकनेस' या आजारापासून ते संरक्षण देतात आणि त्याची किंमत किडनीला मोजावी लागू शकते. सुमारे १३ टक्के कृष्णवर्णीय अमेरिकनांकडे या जनुकाच्या दोन्ही प्रती धोक्याच्या असतात. त्यांच्यातल्याही बहुतेकांना किडनीचा विकार होत नाही. उरलेल्या ८७ टक्क्यांना तर हे लागूच पडत नाही. म्हणजे जनुक तपासायचं असेल तर जनुक तपासावं. कातडीकडे बघून जनुकाचा अंदाज बांधणं म्हणजे आडनावावरून रक्तगट ओळखण्यासारखं आहे.

शिवाय अमेरिकेत 'ब्लॅक' कोण, हे जीवशास्त्राने कधी ठरवलेलंच नाही. बराक ओबामांची आई कॅन्ससची गोरी बाई, वडील केनियाचे. देशाने त्यांना कृष्णवर्णीयच मानलं. पूर्व आफ्रिकेतल्या केनियाचा माणूस आणि पश्चिम आफ्रिकेतून दोन-तीनशे वर्षांपूर्वी साखळदंडात आणलेल्यांचे वंशज, दोघांनाही फॉर्मवर एकाच चौकोनात खूण करायची.

माझ्या जुन्या अमेरिकन रिपोर्टवर ईजीएफआरच्या दोन ओळी आहेत. त्यातली माझी कुठली?

न्यू जर्सीतल्या एका ओळखीच्या काकांनी २०१९ चा रक्ताचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून हा प्रश्न विचारला होता. एका ओळीत 'आफ्रिकन-अमेरिकन', दुसरीत 'आफ्रिकन-अमेरिकन नसल्यास', आणि दोन ओळींतले आकडे वेगळे. रक्त एकच, नळी एकच. काकांची ओळ अर्थातच दुसरी. पण त्या पहिल्या ओळीची गोष्ट समजली तर या पानावरचं अर्धंअधिक समजलं म्हणा.

किडनी मिनिटाला किती रक्त गाळते हे थेट मोजणं किचकट असतं. म्हणून रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ पदार्थावरून, वय आणि लिंग धरून, सूत्राने अंदाज काढतात. तो अंदाज म्हणजे ईजीएफआर. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. १९९९ मध्ये १६२८ रुग्णांवरून एक सूत्र बसवलं गेलं. त्यात कृष्णवर्णीय होते १२ टक्के. त्यांच्यात किडनीचं काम तेवढंच असताना क्रिएटिनिन थोडं जास्त दिसलं, म्हणून ठरलं की रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला जवळपास १.२ ने गुणायचं. २००९ च्या सुधारित सूत्रात हा गुणक १.१६ च्या आसपास आला. कारण काय दिलं, तर त्यांचे स्नायू जास्त असतात. माझ्याकडे काठी टेकत येणाऱ्या, चाळीस किलोच्या आजीबाईंनाही हाच गुणक लागायचा.

आता हिशोब करून बघा. किडनी प्रत्यारोपणाच्या यादीत वाट पाहण्याचा काळ मोजायला सुरुवात होते ती ईजीएफआर २० किंवा त्याखाली गेल्यावर. समजा दोन माणसं आहेत, वय एक, क्रिएटिनिन एक. गोऱ्या माणसाचं उत्तर आलं १८. तो आज पात्र ठरला. कृष्णवर्णीय माणसाचंही आलं १८, पण गुणिले १.१६ केल्यावर झालं २०.९. त्याला सांगितलं जातं, अजून वेळ आहे, तीन महिन्यांनी या. किडनी दोघांची सारखीच गेलेली. एकाचं घड्याळ सुरू झालं, दुसऱ्याचं नाही. आणि हे करणाऱ्या डॉक्टरच्या मनात तसूभरही वाईट विचार असण्याची गरज नाही, कारण गुणाकार लॅबचा संगणक करून मोकळा झालेला असतो.

याविरुद्ध आवाज उठवण्यात वैद्यकीय विद्यार्थी पुढे होते. बॉस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस हॉस्पिटलने २०१७ मध्येच हा गुणक वापरणं सोडलं. देशाच्या पातळीवर किडनीतज्ज्ञांच्या संघटनांनी तो काढायची शिफारस केली ती सप्टेंबर २०२१ मध्ये. मग २०२३ मध्ये नियम आला की प्रत्येक प्रत्यारोपण केंद्राने आपल्या यादीतल्या कृष्णवर्णीय रुग्णांचे जुने रिपोर्ट काढून बघायचे, आणि गुणक नसता तर जो आधी पात्र ठरला असता त्याला तो हुकलेला काळ परत द्यायचा. १४ हजारांहून जास्त लोकांच्या खात्यावर असा हुकलेला काळ जमा झाला, सरासरी दोनेक वर्षांचा.

आमच्या सेंटरमध्ये खिडकीजवळच्या खुर्चीवर एक निवृत्त बसचालक बसायचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी सहाची पाळी. त्यांना असं पत्र आलं. मशीन सुरू असताना एका हाताला सुया असतात, म्हणून दुसऱ्या हाताने ते पत्र धरून त्यांनी मला वाचायला लावलं. दोनदा. मग पांघरुणाखाली ठेवलं आणि म्हणाले, "मग आता बटाटे खाल्ले तर चालतील?" मी म्हटलं, नाही. पोटॅशियम तेच, फॉस्फरस तेच, कोला बंदच. तारीख बदलली होती, किडनी काही मिळाली नव्हती. ते हसले, पण ते पत्र पुढचे कित्येक आठवडे त्यांच्या डब्याच्या पिशवीत होतं.

काही तज्ज्ञांचे आक्षेप होते, तेही सांगायला हवेत. गुणक काढल्यामुळे आकडा खाली आला की काही औषधांचा डोस कमी करावा लागतो, काही औषधं बंद होतात. सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी क्रिएटिनिनइतकी स्नायूंवर अवलंबून नसते, म्हणून शंका असेल तिथे तीही करायला सांगतात.

असं आणखी कुठल्या तपासणीत होतं?

फुप्फुसांच्या. नळीत जोरात फुंकर मारायला लावतात त्या स्पायरोमीटरमध्ये कृष्णवर्णीयांसाठी 'नॉर्मल'ची पट्टी १० ते १५ टक्के खाली धरली जायची. आशियाई लोकांसाठीही ४ ते ६ टक्के. म्हणजे आपणही त्यातून सुटलेलो नव्हतो. फुप्फुसं बिघडली तरी रिपोर्ट 'तुमच्या मानाने ठीक' म्हणणार, आणि खाणीत किंवा कारखान्यात छाती खराब झालेल्याची भरपाई त्यातच अडकणार.

याचं मूळ बघितलं तर अंगावर काटा येतो. लुइझियानातल्या सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने १८५० च्या सुमारास सांगितलं की काळ्यांची फुप्फुसं गोऱ्यांपेक्षा वीस टक्के कमी हवा घेतात आणि कष्टाने त्यांची प्रकृती सुधारते. गुलामांनी पळून जाणं हासुद्धा याच माणसाच्या मते एक आजार होता, आणि त्याने त्या आजाराला भारदस्त ग्रीक नावही दिलं होतं. अमेरिकेतल्या छातीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने वंशनिरपेक्ष पट्टी वापरायला सांगितलं ते २०२३ मध्ये.

कोविडमध्ये आणलेलं ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर चुकतं, हे खरं का?

चुकू शकतं. बोटाच्या एका बाजूने लाल आणि अवरक्त प्रकाश सोडायचा, पलीकडे किती पोचला ते बघायचं आणि त्यावरून रक्तातला ऑक्सिजन काढायचा, असं ते यंत्र चालतं. कातडीला रंग देणारं मेलॅनिनही थोडा प्रकाश गिळतं. यंत्र ते पुरेसं हिशोबात धरत नसेल तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतं.

मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी डिसेंबर २०२० मध्ये याची मोजदाद छापली. यंत्रावर ९२ ते ९६ दिसत असताना धमनीतलं रक्त थेट तपासलं, तर प्रत्यक्षात ८८ च्या खाली असलेले रुग्ण गोऱ्यांत ३.६ टक्के निघाले आणि कृष्णवर्णीयांत ११.७ टक्के. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या घराघरांत आकडा ९४ च्या खाली गेला की बेडसाठी फोनाफोनी सुरू व्हायची. तो आकडाच दोन-चार घरं वर दाखवत असेल तर काय होईल, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढच्या अभ्यासांत आशियाई रुग्णांमध्येही फरक दिसला.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. ही चूक १९९० मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. तरी अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दहा माणसांवर चाचणी पुरत होती, त्यात गडद कातडीची दोन असली की झालं. कडक नियमांचा मसुदा आला जानेवारी २०२५ मध्ये.

घरातलं यंत्र फेकून देऊ नका. त्याचा एक आकडा पाहण्यापेक्षा आकडा कसा उतरतोय ते पाहा, आणि माणूस धापा टाकत असेल तर यंत्र ९६ म्हणतंय म्हणून थांबू नका.

त्यांना दुखतं कमी, असं डॉक्टर खरंच मानतात?

तोंडाने कोणी म्हणत नाही. पण २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोरे वैद्यकीय विद्यार्थी आणि रेसिडेंट डॉक्टर यांना काही विधानं दिली: काळ्यांची कातडी जाड असते, त्यांचं रक्त लवकर गोठतं, त्यांच्या मज्जातंतूंची टोकं कमी संवेदनशील असतात. सुमारे निम्म्या जणांनी अशा खोट्या विधानांपैकी किमान एक तरी थोडंफार खरं मानलं. ज्यांनी मानलं, त्यांनी कृष्णवर्णीय रुग्णाच्या वेदनेला कमी गुण दिले. ही २०१६ मधली, शिकलेली पोरं होती.

अटलांटातल्या एका इमर्जन्सी विभागातली त्याआधीची, २००० साली छापलेली पाहणी आणखी साधी आहे. हातापायाचं लांब हाड मोडून आलेल्या गोऱ्या रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना वेदनाशामक मिळालं, कृष्णवर्णीयांपैकी ५७ टक्क्यांना. मोडलेलं हाड एक्स-रेत दिसतं, त्यात नाटक करायला जागा नसते.

सिकलसेल तर आपल्याकडेही आहे. तिथे त्याचा वंशाशी काय संबंध?

सिकलसेलचा संबंध मलेरियाशी आहे, कारण हे जनुक मलेरियापासून काही संरक्षण देतं. जिथे हजारो वर्षं मलेरिया होता तिथे हे जनुक टिकलं: आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठाला, आणि आपल्याकडे गडचिरोली, नंदुरबारपासून विदर्भाच्या गावागावांत. अमेरिकेत मात्र गुलाम म्हणून आणलेल्यांबरोबर ते आलं आणि 'काळ्यांचा आजार' अशी त्यावर चिठ्ठी लागली. तिथे याचे सुमारे एक लाख रुग्ण आहेत.

या आजारात विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि अचानक भयंकर दुखायला लागतं. रुग्ण इमर्जन्सीत येतो, स्वतःला कुठलं औषध किती लागतं ते अचूक सांगतो, कारण हे त्याने पन्नास वेळा सोसलेलं असतं. आणि नेमकं तेच त्याच्या अंगाशी येतं. औषधाचं नाव घेऊन मागतोय म्हणजे नशेसाठी मागतोय, असं समोरच्याला वाटतं. तासाभरात वेदनाशामक द्यावं असं तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे, पण रुग्ण बाकावर कितीतरी वेळ बसून राहतात. नागपूरच्या मेडिकलमध्ये सिकलसेलच्या पोराबरोबर रात्र काढलेल्या आईला यातला दुखण्याचा भाग ओळखीचा वाटेल. नशेचा संशय तेवढा नवा.

डिसेंबर २०२३ मध्ये तिथे या आजारावर पहिल्या दोन जनुकीय उपचारांना मंजुरी मिळाली. एकाची किंमत २२ लाख डॉलर, दुसऱ्याची ३१ लाख. पुढचं काय बोलायचं!

बाळंतपणात इतके मृत्यू, तेही अमेरिकेत? कसे काय?

बाळंतपणात म्हटलं तरी यातले बरेच मृत्यू टेबलावर होत नाहीत. बाळ घरी आल्यानंतर, दिवसांनी किंवा आठवड्यांनी, रक्तदाब भडकून, हृदय थकून किंवा रक्ताची गुठळी होऊन होतात. प्रत्येक मृत्यूची छाननी करणाऱ्या तिथल्या समित्यांच्या मते यातले ८० टक्क्यांहून जास्त टाळता आले असते. आपल्याकडे बाळंतीण माहेरी सव्वा महिना चार बायकांच्या नजरेखाली असते. तिथे कित्येक जणी दोन-तीन आठवड्यांत कामावर हजर होतात, कारण पगारी रजेचा देशव्यापी कायदाच नाही.

सेरेना विल्यम्सचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला तपशील महत्त्वाचा आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. तिला आधी फुप्फुसात गुठळ्या झालेल्या होत्या, त्यामुळे तिने नर्सला स्वतःच सांगितलं: सीटी स्कॅन हवा, गुठळ्या रोखणारं हेपॅरिन हवं. नर्सला वाटलं, वेदनाशामकामुळे बाई बरळतेय. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. मग सीटी झाला आणि फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. तेवीस ग्रँड स्लॅम जिंकलेल्या बाईला आपलं म्हणणं दोनदा सांगावं लागलं. आमच्या सेंटरमधल्या खुर्चीवरच्या बाईंनी कितीदा सांगायचं?

एक चांगली गोष्ट. मेडिकेडवरच्या बाळंतिणीचं विमासंरक्षण पूर्वी ६० दिवसांत संपायचं. २०२२ पासून ते वर्षभर वाढवायची मुभा राज्यांना मिळाली आणि बहुतेक सगळ्यांनी ती घेतली.

टस्कगीमुळे कृष्णवर्णीय लोक डॉक्टरांवर विश्वास ठेवत नाहीत, असं म्हणतात.

टस्कगी म्हणजे अलाबामातल्या त्या नावाच्या गावाच्या परिसरात झालेला सिफिलिसचा कुप्रसिद्ध सरकारी प्रयोग. आधी त्याबद्दल एक दुरुस्ती, कारण आपल्याकडे हे चुकीचं फिरतं: त्या माणसांना सिफिलिस टोचला नव्हता. त्यांना तो आधीच होता. अलाबामाच्या मेकन काउंटीत १९३२ मध्ये सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. ३९९ जणांना सिफिलिस होता, बाकीचे तुलनेसाठी. 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच त्यांना सांगितलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं हा तपासणीचा भाग 'खास मोफत उपचार' म्हणून खपवला. मेल्यावर शवविच्छेदन करू द्यायचं, त्या बदल्यात अंत्यविधीचा खर्च. १९४० च्या दशकात सिफिलिस बरा करणारं पेनिसिलिन आलं, सगळीकडे मिळू लागलं, पण या माणसांपर्यंत ते पोचणार नाही याची काळजी घेतली गेली. १९७२ मध्ये पीटर बक्स्टन या, पूर्वी त्याच खात्यात असलेल्या माणसाने बातमी बाहेर काढली तेव्हा प्रकार थांबला. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. तेव्हा आठ जण जिवंत होते.

पण आजचा सगळा अविश्वास टस्कगीच्या खात्यावर टाकणं मला सोयीचं वाटतं. म्हणजे दोष इतिहासाचा, फार तर रुग्णाच्या मनाचा. आमच्याकडच्या कितीतरी रुग्णांनी टस्कगीचं नावही काढलं नाही. त्यांना गेल्या मंगळवारची अपॉइंटमेंट आठवायची, जिथे डॉक्टरने मान वर करून पाहिलं नव्हतं.

कृष्णवर्णीयांची हॉस्पिटलं पूर्वी खरंच वेगळी होती का?

होती, आणि सरकारी पैशाने. १९४६ च्या हॉस्पिटल बांधणीच्या कायद्यात 'वेगळी पण समान' सोय चालेल असं चक्क लिहिलेलं होतं. नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरो गावचे दंतवैद्य जॉर्ज सिमकिन्स यांनी आणखी काही डॉक्टर आणि रुग्णांना बरोबर घेऊन याविरुद्ध खटला भरला आणि १९६३ मध्ये जिंकला. पुढच्या वर्षी नागरी हक्क कायदा आला. पण खरा बदल केला पैशाने. १ जुलै १९६६ ला ज्येष्ठांसाठी मेडिकेअर सुरू होणार होती, आणि भेदभाव करणाऱ्या हॉस्पिटलला तिचा एक डॉलरही मिळणार नव्हता. जे न्यायालयाला वर्षानुवर्षं जमलं नाही ते झालं: हजारेक हॉस्पिटलांनी काही महिन्यांत वेगळे वॉर्ड मोडले.

तिथे तर निम्मे डॉक्टर आपलेच दिसतात. मग भेदभाव कोण करतं?

आपण बाहेरचे, म्हणजे आपोआप निर्दोष, असं काही नसतं. गुणक लावणारं सूत्र मराठी डॉक्टरच्या संगणकावरही तेच उत्तर द्यायचं. आणि गोऱ्या रंगाचं आपल्याला असलेलं वेड विमानतळावर ठेवून कोणी जात नाही. वधूवरसूचक जाहिराती वाचणाऱ्याला हे पटायला हरकत नसावी. भारतीय मंडळींच्या पार्टीत 'कल्लू' हा शब्द मी इतक्या सहजपणे ऐकलाय की ऐकणाराही ओशाळत नाही.

कृष्णवर्णीय डॉक्टर तिथे ५-६ टक्केच आहेत, लोकसंख्येत हा समाज १३-१४ टक्के असताना. १९१० मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांचा दर्जा तपासणारा फ्लेक्सनर अहवाल आला. त्यानंतर कृष्णवर्णीयांच्या सात महाविद्यालयांपैकी हॉवर्ड आणि मेहॅरी ही दोनच उरली. एक मराठी धागा इथे आहे. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या, त्याच महाविद्यालयातून १८६७ मध्ये रिबेका कोल ही कृष्णवर्णीय बाई डॉक्टर होऊन बाहेर पडली होती. आनंदीबाईंचं नाव आपल्याला शाळेपासून पाठ आहे. रिबेकाबाईंचं मला अमेरिकेत आठ वर्षं काढल्यावर कळलं.

डॉक्टर कृष्णवर्णीय असला तर रुग्णाला फायदा होतो का?

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की कृष्णवर्णीय डॉक्टरशी बोलल्यावर कृष्णवर्णीय पुरुष मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या तपासण्यांना जास्त तयार होतात. उलट, नवजात बाळांबद्दलचा २०२० चा एक गाजलेला अभ्यास टिकला नाही. कृष्णवर्णीय डॉक्टर असेल तर कृष्णवर्णीय बाळं जास्त जगतात, असं त्यात म्हटलं होतं. २०२४ मध्ये दुसऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासली. फार कमी वजनाची बाळं हिशोबात धरल्यावर फरक जवळजवळ नाहीसा झाला. व्हॉट्सअ‍ॅपवर अजून जुनंच फिरतंय.

मला आवडतो तो लॉस एंजेलिसचा प्रयोग, २०१८ चा. कृष्णवर्णीय पुरुषांच्या न्हाव्याच्या दुकानात औषधतज्ज्ञ जाऊन बसले. दाढी-कटिंगबरोबर रक्तदाब मोजायचा आणि तिथेच औषध ठरवायचं. सहा महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला. जिथे न्हाव्याने नुसता सल्ला दिला आणि डॉक्टरकडे जायला सांगितलं, तिथे ९ अंकांनी.

आता सगळं संगणकावर आलंय. मग भेदभाव संपेल ना?

संगणक जुनी वही वाचून शिकतो. कुठल्या रुग्णाला जास्तीची मदत लागेल हे ठरवणारी एक प्रणाली २०१९ मध्ये तपासली गेली. तिने आजाराऐवजी आधी झालेला खर्च मोजला होता. कृष्णवर्णीयांवर खर्चच कमी झालेला, म्हणून ते निरोगी ठरले. ही चूक काढली असती तर मदतीच्या यादीतलं त्यांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. त्या प्रणालीला रुग्णाचा वंश माहीतही नव्हता.

बोलताना कुठला शब्द वापरावा?

मराठीत कृष्णवर्णीय. इंग्रजीत बोलताना 'ब्लॅक' चालतं. 'आफ्रिकन-अमेरिकन'ही चालतं, पण समोरची नर्स जमैकाची किंवा नायजेरियाची असू शकते. 'निग्रो' आपल्या जुन्या पुस्तकांत आहे, तिथेच राहू द्या.

मी रेसिडेन्सीला चाललोय. मला काय सांगाल?

भाच्याला जे सांगितलं तेच. पाठ्यपुस्तकातले फोटो बहुतेक गोऱ्या कातडीचे असतात, त्यामुळे 'लालसर पुरळ' शोधत बसू नकोस, गडद कातडीवर ते जांभळट किंवा करडं दिसतं. हात लावून बघ, गरम लागतंय का, फुगलंय का. निळेपणा बघायचा तर ओठांच्या आतून, हिरड्यांवर. फिकेपणा पापणीच्या आत आणि तळहातावर. हे तुला ससूनच्या वॉर्डात येत होतं, तिथे गेल्यावर विसरू नकोस.

वयाने मोठ्या रुग्णाला पहिल्या नावाने हाक मारू नकोस, मिस्टर किंवा मिस लाव. त्यांच्या आजोबांना म्हातारपणापर्यंत गोरी पोरं 'बॉय' म्हणायची. आणि सकाळी सहाच्या पाळीला कधी डायलिसिस युनिटमध्ये गेलास तर तिथे गारठा असतो, शरीराबाहेर फिरून आलेलं रक्त थंड लागतं. आधी पांघरूण नीट कर, मग रिपोर्ट काढ.